अकरा ठाण्यांचा पाऊस

आमच्या परिषदेत एक नियम होता, आणि तो ज्याच्या डोक्यातून निघाला त्याला मी गेल्या वर्षभरात मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या आहेत. नियम असा: कुठल्याही देशाचं निवेदन त्या देशाच्या माणसानं वाचायचं नाही. ज्याच्याशी त्याचं वाजलं असेल त्यानं वाचायचं. भारताचं म्हणणं ओमाननं, ओमानचं भारतानं. व्यासपीठावर उभं राहून, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये एक अक्षर न घालता आणि एक अक्षर न गाळता. याला आम्ही 'उलट वाचन' म्हणायचो.

कल्पना चांगली होती, हे कबूल करते. त्याआधीची कित्येक वर्षं हवामानबदलाच्या बैठकांत जो तो आपापलं वाचायचा आणि दुसऱ्याचं सुरू झालं की चहाला उठायचा. समोरच्याचं गाऱ्हाणं स्वतःच्या तोंडानं म्हणायला लागलं की निदान ते कानांवरून तरी जातं. अरबी समुद्राभोवतीच्या नऊ देशांनी मेघ परिषद स्थापन केली तेव्हा हा नियम करारात पहिल्याच पानावर घातला. मी तेव्हा जोरात टाळ्या वाजवल्या होत्या.

मी हेमांगी टिपणीस. पाऊस हा माझा विषय. एकतीस वर्षं नोकरी झाली. सुरुवातीची सहा कोकणातल्या एका छोट्या हवामान ठाण्यावर निरीक्षक म्हणून, बाकीची पुण्यात संगणकासमोर. कोकणातल्या त्या सहा वर्षांत एकही सकाळ अशी गेली नाही की साडेआठला मी पर्जन्यमापकापाशी नव्हते. ताप असो, घरी पाहुणे असोत, साडेआठ म्हणजे साडेआठ. मला त्याचा फार अभिमान होता. आता त्या अभिमानाचंच सांगायचं आहे.

मेघ परिषदेचं काम काय, ते आधी सांगते. अरबी समुद्र तापत चालला होता आणि मे-जूनमधली चक्रीवादळं दर वर्षी जास्त माजत होती. उपाय म्हणून समुद्रात छत्तीस जहाजं उभी केली. ती समुद्राचंच पाणी अतिशय बारीक नळ्यांतून हवेत फवारतात. पाणी उडून जातं, मिठाचा कण उरतो आणि वर ढगापर्यंत पोहोचतो. ढगातला प्रत्येक थेंब अशाच कुठल्या तरी कणाभोवती धरतो. कण वाढले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं. थेंब लहान होतात आणि ढग पांढराशुभ्र दिसायला लागतो. पांढरा ढग ऊन परत पाठवतो आणि खालचा समुद्र थोडा गार राहतो. गार समुद्रावर वादळाला बळ मिळत नाही. जहाजं चालू झाल्यापासून आमच्या किनाऱ्यावर एकही मोठं वादळ आलं नव्हतं.

पण लहान थेंबांची एक खोड असते. ते एकमेकांना चिकटून मोठे होत नाहीत आणि मोठे झाल्याशिवाय खाली पडत नाहीत. म्हणजे ढग पांढरा झाला तर त्यातली भुरभुर थांबू शकते. आपल्याकडच्या धो धो पावसाला त्यानं काही फरक पडत नाही. ओमानच्या दक्षिण टोकाला सलालाह नावाचं शहर आहे, त्याच्या पाठीशी डोंगर आहेत, आणि तिथे पावसाळा म्हणजे जूनअखेर ते सप्टेंबर नुसती भुरभुर आणि धुकं. त्याला ते खरीफ म्हणतात. तेवढ्या भुरभुरीवर ते डोंगर हिरवेगार होतात आणि तिथल्या लोकांच्या गाई वर्षभर जगतात.

ओमाननं हरकत घेतली: तुमच्या फवाऱ्यानं आमचा खरीफ कमी होतोय.

खरं-खोटं ठरवायची पद्धत सोपी होती. दोन मोसम आम्ही रोज पहाटे नाणं उडवलं, म्हणजे संगणकानं उडवलं. छापा आला तर त्या दिवशी जहाजं चालू, काटा आला तर बंद. मोसमाच्या शेवटी फवाऱ्याच्या दिवसांचा पाऊस एका बाजूला आणि बिनफवाऱ्याच्या दिवसांचा दुसऱ्या बाजूला. फरक निघाला तर ओमान खरं, नाही निघाला तर आम्ही खरे. निकाल काढायचं काम माझ्याकडे होतं.

डोंगरातला पाऊस मोजायला स्वयंचलित यंत्रं चालेनात. इतकी बारीक भुरभुर त्यांना कळायचीच नाही, आणि खाऱ्या धुक्यानं ती गंजायची. म्हणून ओमानचा शास्त्रज्ञ मुसल्लम यानं डोंगरात अकरा ठाणी उभी केली आणि हातानं मोजायला अकरा बायका शिकवल्या. सगळ्या गाई राखणाऱ्या. त्यांतली थोरली त्याची मावशी, सईदा खाला. सत्तरीच्या पुढची, सडसडीत, कमी बोलणारी. तिच्या गोठ्याच्या वर, चढावर पर्जन्यमापक बसवलेलं होतं.

पहिल्या मोसमात मी ठाणी बघायला गेले तेव्हा तिच्याच घरी उतरले. मुसल्लमच्या मुलीचं लग्न होतं, आग्रहानं थांबवून घेतलं. मुसल्लमला मोडकंतोडकं हिंदी येतं, मला तो 'हेमांगी बहन' म्हणायचा. सईदा खालानं मला शेजारी बसवून स्वतःच्या हातानं भात वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी धुक्यातून चढ चढून तिनं मापकातलं पाणी मोजपात्रात ओतलं, पात्र डोळ्यांसमोर धरलं आणि मान हलवून वहीत लिहिलं. तिचं ते डोळ्यांसमोर पात्र धरणं बघून मला माझे कोकणातले दिवस आठवले. तसं मी मुसल्लमला सांगितलंही.

आणि दोन मोसमांनंतर मी अहवालात काय लिहिलं? आकडे जुळत नव्हते. उपग्रहाच्या चित्रांत डोंगरावर दाट ढग दिसत तेव्हा माझ्या तक्त्यात पाऊस शून्य, आणि लख्ख आकाश दिसे तेव्हा पाऊस. अकराच्या अकरा ठाण्यांवर तेच. मी लिहिलं, 'या अकरा ठाण्यांच्या नोंदी विश्वासार्ह नाहीत. निरीक्षक मापकापर्यंत न जाता घरबसल्या अंदाजानं आकडे भरत असाव्यात. फवारणीमुळे खरीफ कमी झाल्याचा कोणताही पुरावा आढळत नाही.'

घरबसल्या. हा शब्द माझाच आहे.

अहवाल जाहीर व्हायच्या आधी मसुदा सगळ्यांकडे गेला होता. मुसल्लमचं पत्र आलं, तीन ओळींचं. 'हेमांगी बहन, बायका रोज जातात, मी शपथेवर सांगतो. तारखा एकदा बघाल का? कुठे तरी मागेपुढे झालं असेल.' मी उलट टपाली लिहिलं की तारखा मी एकतीस वर्षं हाताळते आहे, त्यात माझा हात चुकत नाही. तुमच्या बायका मापकापर्यंत जातात का, ते आधी बघा.

मोंबासाच्या अधिवेशनात नियमाप्रमाणे तो अहवाल मुसल्लमनंच वाचला. मी पहिल्या रांगेत बसले होते. 'घरबसल्या' आलं तेव्हा तो थांबला नाही, आवाजही बदलला नाही. वाचून झाल्यावर त्यानं कागद नीट दुमडून अध्यक्षबाईंकडे दिले आणि जागेवर जाऊन बसला. मला वाटलं, सभ्य माणूस आहे, पराभव चांगला घेतला. इतकंच वाटलं मला.

पुढचं अधिवेशन सलालाहला ठरलं. ठराव असा येणार होता: आता नाणेफेक बंद, दहा वर्षं मेपासून ऑगस्टअखेरपर्यंत रोज फवारणी. रोज म्हणजे बिनफवाऱ्याचा दिवस उरणारच नव्हता. तुलना करायला काही शिल्लक राहणार नव्हतं आणि खरीफ कमी झाला की नाही हे नंतर कुणालाही कधीच सांगता येणार नव्हतं.

ठरावासोबत लावायला जुने फोटो निवडत होते. एप्रिलमधली दुपार, पुण्यातलं ऑफिस. मुसल्लमच्या मुलीच्या लग्नाचा फोटो समोर आला: तंबूबाहेर बायका तोंडं वर करून भिजतायत, त्यांच्यात पदर डोक्यावर धरलेली मी. फोटोवर तारीख १९ जुलै. सहज चाळा म्हणून तक्ता उघडून १९ जुलै बघितली. सईदा खालाचं ठाणं: शून्य. १८ जुलै: चौदा मिलिमीटर.

मी स्वतः भिजले होते हो त्या दिवशी. साडी पिळून काढली होती.

तिच्या वहीच्या पानांचे फोटो होते आमच्याकडे. मुसल्लमनं नीट, मोसमवार पाठवलेले. मी तोपर्यंत ते उघडूनही बघितले नव्हते. आकडे टंकून आलेले होते ना. उघडले. वहीत १९ जुलैसमोर चौदा. मापलं २०च्या सकाळी, तिथे मी शेजारी उभी होते, आणि तिनं ते लिहिलं होतं १९च्या रकान्यात.

आपल्याकडे सकाळी साडेआठला जो पाऊस मोजतो तो त्याच दिवसाच्या तारखेवर लिहितात. २०च्या सकाळी मोजला की तो २०चा. पडलेला असतो बहुतेक १९ला, हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून हिशेब करताना आम्ही प्रत्येक नोंद एक दिवस मागे नेऊन लावतो. माझा प्रोग्राम तेच करत होता. मुसल्लम शिकला इंग्लंडात. तिकडे सकाळी मोजलेला पाऊस आदल्या दिवसावरच लिहायची पद्धत आहे. त्यानं बायकांना तसं शिकवलं. नोंद आधीच मागे नेलेली होती, मी ती आणखी एक दिवस मागे नेली. म्हणजे मी दोन मोसम आजचा पाऊस कालच्या नाणेफेकीशी ताडून बघत होते. आजच्या पावसाला कालचं नाणं काय माहीत? फरक निघणारच नव्हता. ढगही जुळणार नव्हते.

बेचाळीस पानांच्या मोजणी-करारात तारीख कशी लिहायची याबद्दल एक ओळ नव्हती. मसुदा माझा होता. मला ती ओळ लिहावीशी वाटलीच नाही, कारण साडेआठचा पाऊस आजचा, हे माझ्या हाडीमाशी खिळलेलं होतं. दुसरी काही रीत असू शकते, असं मनाला शिवलंही नाही. आणि आकडे जुळत नसतील तर एक दिवस मागेपुढे सरकवून बघा, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या पोरांना शिकवतो. मी बघितलं नाही. बायका गाई राखणाऱ्या, अडाणी. त्यांनीच चुकवलं असणार, हे मी धरूनच चालले होते.

नोंदी सरकवून प्रोग्राम पुन्हा चालवायला वीस मिनिटं लागली. ढग आणि पाऊस अकराही ठाण्यांवर चोख जुळले. आमच्या स्वयंचलित यंत्रांपेक्षा चोख. आणि फवाऱ्याच्या दिवशी डोंगरातला पाऊस एक तृतीयांशानं कमी होता. मी खुर्चीतून उठून खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. कुणी दारातून 'मॅडम, चहा?' विचारलं, तर मला मागे वळून बघायचीही लाज वाटली.

आमच्या शिष्टमंडळाचे प्रमुख धारप. वाईट माणूस नव्हे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, तेही योग्य.

"टिपणीस मॅडम, ठराव मेमध्ये आहे. हे आत्ता बाहेर आलं तर ठराव गेला. पुढची वादळं आली तर किनाऱ्यावरच्या लोकांना काय सांगणार? तारीख चुकली म्हणून?"

"पण चुकली आहे."

"चुकली आहे, मी नाही कुठे म्हणतो? ठराव होऊ दे. नंतर रीतसर शुद्धिपत्र काढू. आणि ऐका, ओमान यंदा स्वतःच हरकत मागे घेणार आहे, कालच कळलंय. मग आपण होऊन कशाला?"

"नाणेफेक बंद झाल्यावर शुद्धिपत्राचा काय उपयोग, धारपसाहेब?"

"उपयोग नसला तरी काढू," ते म्हणाले आणि स्वतःच थोडे ओशाळले.

मी काय केलं? 'बरं' म्हणाले. लेखी मागितलं नाही, भांडले नाही, राजीनाम्याची भाषा केली नाही. सहा आठवडे मूग गिळून गप्प बसले. मला कारणही हवंच होतं, आणि ते माझ्या धाकट्या बहिणीनं, केतकीनं दिलं. ती श्रीवर्धनजवळ असते. सात वर्षांपूर्वीच्या वादळात त्यांची सुपारीची बाग एका दुपारात भुईसपाट झाली होती.

"ताई, चारशे रोपं आणून ठेवलीत आम्ही, तुझ्या भरवशावर," ती फोनवर म्हणाली. "हे म्हणत होते पुन्हा सुपारी नको. मी म्हटलं, ताई आहे ना तिथे बसलेली. जहाजं चालू राहणार ना गं?"

"राहतील," मी म्हणाले.

तिच्यासाठी गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत होते. ते पूर्ण खरं नाही. मी गप्प बसले कारण मला मुसल्लमसमोर तोंडघशी पडायचं नव्हतं. बाग वगैरे नंतर सुचलं.

मे महिन्यात सलालाहच्या विमानतळावर उतरले तर माझ्या नावाची पाटी धरून मुसल्लम उभा. त्याला खात्यानं बाजूला सारलं होतं. यंदा त्याच्याकडे पाहुण्यांची ने-आण होती. त्यानं माझी बॅग उचलली. मी ओढून घ्यायला गेले तर म्हणाला, "असू द्या बहन, तेच काम आहे माझं."

गाडीत बाहेर उघडे तपकिरी डोंगर दिसत होते. आत्ता बोलावं, आत्ता बोलावं, असं तीन सिग्नल गेले.

"मुलगी बरी आहे?" मी विचारलं.

"बरी आहे. मस्कतला असते."

"आणि खाला?"

"आता नऊ गाई आहेत. सव्वीस होत्या, तुम्ही पाहिल्यात. चारा पुरला नाही." मग म्हणाला, "उद्या सभागृहात येणार आहे ती."

"कशाला?"

"आमच्या निवेदनात तिचं नाव आहे. मी म्हटलं, खाला, नको येऊस. ती म्हणाली, माझ्या नावानं कुणी माफी मागणार असेल तर मी तिथे हजर पाहिजे."

मी विचारलं, "निवेदन कुणी लिहिलं?"

"वरून आलं. उद्या तुम्हाला वाचायचं आहे ना? सकाळी पाकीट मिळेल." त्याच्या आवाजात टोचणी नव्हती. ती असती तर मला बरं वाटलं असतं.

पाकीट सकाळी नऊला मिळालं, अधिवेशन साडेनऊला. एकच पान. मी उभ्या उभ्या वाचलं, आणि पहिल्यांदा माझ्या मनात जो विचार आला तोही सांगून टाकते: घसा बसला म्हणून धारपांना वाचायला लावता येईल का? पण वाचक म्हणून माझं नाव छापून झालेलं होतं.

सभागृहात नऊ देशांची माणसं, सगळ्यांच्या कानांवर भाषांतराची यंत्रं. डाव्या बाजूला प्रेक्षकांच्या रांगेत काळ्या कपड्यांतल्या अकरा बायका ओळीनं बसलेल्या. सईदा खालाच्या कानांवरचं यंत्र तिला मोठं होत होतं, ती ते एका हातानं धरून बसली होती. मुसल्लम त्यांच्या मागे उभा होता. अध्यक्षबाई केनियाच्या, करड्या पण न्यायी. त्यांनी माझं नाव पुकारलं.

मी वाचायला सुरुवात केली.

"'गेल्या वर्षी भारतानं दाखवून दिलेल्या त्रुटींची आम्ही चौकशी केली. आमच्या अकरा ठाण्यांवरील निरीक्षक पुरेशा प्रशिक्षित नव्हत्या. ही ठाणी आता बंद करण्यात आली आहेत. फवारणीवरील आमची हरकत आम्ही मागे घेत आहोत. चुकीच्या नोंदींमुळे परिषदेचा वेळ वाया गेला, याबद्दल पुढील निरीक्षकांच्या वतीनं आम्ही दिलगिरी व्यक्त करतो.'"

पुढे अकरा नावं होती. पहिलं सईदाचं. अक्षर न गाळता वाचायचं.

मी 'सईदा' म्हणाले आणि ती जागेवरून उठून उभी राहिली. शाळेत हजेरीला नाव घेतलं की मूल उभं राहतं तशी, सरळ, कानांवरचं यंत्र धरून. तिला वाटलं असावं, नाव घेतलं की उभं राहायचं असतं. ती माझ्याकडे बघत होती. मी हातातला कागद खाली ठेवला.

"पुढे वाचा," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मला वाचता येणार नाही," मी म्हणाले. "हे खोटं आहे."

"डॉक्टर टिपणीस, वाचकाला मध्ये बोलता येत नाही. नियम आहे."

"माहीत आहे. मी नियम मोडते आहे." "या बायकांची एकही नोंद चुकलेली नाही. चूक माझी आहे. त्यांनी आदल्या दिवसाचा पाऊस आदल्या दिवसावर लिहिला आणि मी तो त्याच्याही आदल्या दिवशी नेऊन ठेवला. डॉक्टर मुसल्लम यांनी मला लिहिलं होतं, तारखा बघा. मी बघितल्या नाहीत. त्या घरबसल्या आकडे भरतात, असं लिहिलं. तारखा नीट लावल्या तर फवाऱ्याच्या दिवशी या डोंगरांतला पाऊस एक तृतीयांशानं कमी होतो. हे मला सहा आठवड्यांपासून माहीत आहे. सहा आठवडे मी बोलले नाही."

धारपांनी डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. कुणीतरी टेबल ठोकलं, कुणी उभं राहून भराभर बोलायला लागलं, भाषांतरवाले मागे पडले. मी व्यासपीठावरच उभी होते. उतरायचं कसं ते सुचत नव्हतं. सईदा खाला अजून उभीच होती. माझं बोलणं तिच्या कानापर्यंत तिच्या डोंगरी बोलीत पोहोचतच नव्हतं. भाषांतर होतं अरबीत, आणि ते तिला जेमतेम कळत असे. मुसल्लम वाकून तिच्या कानाशी बोलायला लागला तेव्हा ती हळूच खाली बसली.

ठराव त्या दिवशी झाला नाही. संध्याकाळपर्यंत भांडाभांडी होऊन एवढंच ठरलं की दहा वर्षांची फवारणी पुढच्या अधिवेशनापर्यंत स्थगित, माझा अहवाल रद्द, माझी चौकशी होईल, आणि तोवर जुना कार्यक्रम चालू: रोज पहाटे नाणेफेक, छापा आला तर फवारा, काटा आला तर नाही. ओमानचे प्रतिनिधी म्हणाले, जहाजं थांबवा. आमच्याकडचे आणि आणखी चार देशांचे म्हणाले, वादळांच्या तोंडावर थांबवता येणार नाहीत. दोघांचंही खरं होतं.

बातमी तासाभरात श्रीवर्धनला पोहोचली होती. केतकीचा फोन आला.

"ताई, खरं बोललीस ते चांगलं केलंस. पण मला 'राहतील' म्हणालीस तेव्हा तुला माहीत होतं ना हे?"

"हो."

"मग मला तरी सांगायचंस. रोपं लावली नसती." तिनं फोन ठेवला. रागानं नव्हे, दमल्यासारखा.

सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात अकरा बायका परतीच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. उन्हं उतरली होती. मी मुसल्लमला म्हटलं, मला खालाशी बोलायचं आहे, तुम्ही मध्ये भाषा सांभाळाल का? तो म्हणाला, चला.

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. माफी कशी मागायची ते मी दिवसभर मनात घोळवलं होतं. त्यातलं काही आठवलं नाही. "माझं चुकलं," एवढंच म्हणाले. "तुमचे आकडे बरोबर होते. सगळे."

मुसल्लमनं सांगितलं. मग तिनं काहीतरी विचारलं, आणि मुसल्लमचा चेहरा बदलला.

"ती विचारते, म्हणजे पाऊस खरंच कमी झाला होता?"

"हो."

"ती म्हणते, वर्षभर तिला वाटत होतं की आपली नजर गेली. पात्रातली रेघ आपल्याला दिसत नाही. ती सगळ्यांना सांगायची, पाऊस नेहमीएवढाच असेल, मीच म्हातारी झाले. गाई विकल्या तेव्हाही मुलांना म्हणाली, चारा असेल कुठे तरी, मलाच सापडला नाही."

मला लाजेनं वर बघवेना. मी तिचा पाऊस नेला होता. त्याचा निदान मोजून हिशेब लागत होता. पण मी तिला तिच्याच डोळ्यांवर अविश्वास धरायला लावला होता.

"तुमची नजर चांगली आहे," मी म्हणाले. "पाऊस आम्ही कमी केला. आमच्या जहाजांनी."

तिनं मान हलवली. मापकातलं पाणी बघून हलवायची तशीच, ऐकलं, लिहून घेतलं अशी. मग विचारलं, "आणि यंदा?"

मुसल्लमनं हे भाषांतर करताना माझ्याकडे बघितलं नाही. त्याला उत्तर माहीत होतं.

"यंदाही," मी म्हणाले. "निम्मे दिवस म्हणा. जहाजं थांबणार नाहीत."

मला वाटलं ती आता बोलेल मला. शिव्या देईल, निदान उठून जाईल. ती मात्र पलीकडच्या दोघीतिघींशी तिच्या बोलीत काही बोलली. त्यांचं काहीतरी ठरलं.

"ती म्हणते, मग मोजायला पाहिजे," मुसल्लम म्हणाला. "खरीफला महिनाच राहिलाय. ठाणी परत लावा म्हणते. अकराही जणी जातील."

"लावू," मी म्हणाले. "मी उद्याच सांगते. सगळं लेखी करून घेते." गाडी आली, बायका उठायला लागल्या. सईदा खाला उठता उठता थांबली आणि तिनं आणखी एक विचारलं.

"आकडे कुणाकडे जाणार, विचारते."

"माझ्याकडेच," मी म्हणाले. "या वेळी प्रत्येक नोंद मी स्वतः तपासीन, त्यांना सांगा."

मुसल्लमनं सांगितलं. तिनं उत्तर दिलं, अगदी थोडक्यात, आणि गाडीकडे चालायला लागली. मुसल्लम आजवर दोन्हीकडचं कडू बोलणं गोड करूनच सांगत आला होता. हे त्यानं जसंच्या तसं सांगितलं.

"हिच्याकडे नकोत."

मी हो म्हणाले. त्याच व्हरांड्यात उभं राहून मी पुण्याला निरोप पाठवला की सलालाहच्या ठाण्यांच्या कामातून माझं नाव काढा, यंदाचे आकडे मुसल्लमच तपासेल. मुसल्लमला तो दाखवला. त्यानं वाचला, तारीख बघितली आणि फोन मला परत दिला.